किराया थकला आणि नोटीस आली: खोली खाली करण्याआधी काय करायचं

12 जून 2018 च्या दुपारी पोस्टमन दुकानात आला, तेव्हा मी एका सबमर्सिबल पंपाच्या मोटारीच्या वाइंडिंगमधलं जळालेलं तांबं काढत होतो. त्याने सही घेतली आणि पाकीट हातात दिलं. आत घरमालकाच्या वकिलाची नोटीस होती. आठ महिन्यांचा किराया, 20,000 रुपये, थकला आहे. तो भरा, नाहीतर दुकान आणि मागच्या दोन खोल्या खाली करा.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान. गिऱ्हाईक म्हणजे आजूबाजूच्या खेड्यांतले कास्तकार. मोटार जळाली की आज भरून न्यायची आणि पैसे कापसाच्या चुकाऱ्यावर द्यायचे, हा इथला रिवाज. 2017 च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने बोंडं आतून खाल्ली, कास्तकारांच्या हाती काही लागलं नाही, माझी उधारी वहीतच राहिली आणि ऑक्टोबरपासून माझाही किराया थांबला. नोटीस आली त्या रात्री बायकोने भांडी पोत्यात भरायला घेतली होती. वकिलाचा कागद म्हणजे कोर्टाचा हुकूम, असं आम्हा दोघांनाही वाटत होतं.

तसं नसतं. पण ते कळेपर्यंत मी मुदत मोजण्यात दोन दिवसांची चूक केली आणि त्या दोन दिवसांपायी दोन वर्षं कोर्टाच्या तारखा केल्या. आमच्याकडे किराया थकलेली माणसं लाजेपोटी रातोरात सामान हलवतात, पोरांची शाळा सुटते, डिपॉझिट बुडतं. हे टळावं म्हणून लिहितो आहे. मी वकील नाही. ज्या रस्त्याने गेलो तो सांगतो, आणि वकील कुठे फुकट मिळतो तेही सांगतो.

1. पाकीट घ्या, तारीख लिहा

नोटीस घ्यायची नाही, पोस्टमन आला की दार लावून बसायचं, असा सल्ला चहाच्या टपरीवर हमखास मिळतो. तो ऐकू नका. "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत गेलेलं पाकीट कायद्याच्या नजरेत तुम्हाला मिळालेलंच धरलं जातं. मुदत सुरू होते आणि आत काय लिहिलं होतं तेवढं तुम्हाला कळत नाही.

पाकीट हातात आलं की त्याच्यावर मिळाल्याची तारीख लिहा. पाकीट फेकू नका, त्यावरचा पोस्टाचा शिक्काही पुरावा असतो. मग नोटिशीत या चार गोष्टी शोधा: किती महिन्यांचा किराया मागितला आहे, महिन्याचा दर काय लावला आहे, फक्त थकबाकीचं कारण आहे की आणखीही काही आहे (पोटभाडेकरू ठेवला, बांधकाम तोडलं, घरमालकाला स्वतःला जागा हवी), आणि तुम्हाला "भाडेकरू" म्हटलं आहे की "लायसन्सी". हा शेवटचा शब्द फार महत्त्वाचा आहे, त्याच्याकडे पुढे येतो.

2. हुकूम कोणाचा चालतो, हे आधी पक्कं करा

घरमालक तुम्हाला स्वतःच्या हाताने बाहेर काढू शकत नाही. किराया वर्षभराचा थकला असला तरी नाही. त्याने दिवाणी कोर्टात दावा लावायचा, कोर्टाने तुमचं ऐकायचं, हुकूमनामा व्हायचा, मग त्याने दरखास्त, म्हणजे हुकूमनामा अमलात आणण्याचा अर्ज, लावायची आणि कोर्टाचा बेलीफ ताब्याचं वॉरंट घेऊन यायचा. बेलिफाच्या हातात वॉरंट असेल तर ती खरी बेदखली. त्याच्या आधी जो कोणी "उद्या सामान रस्त्यावर फेकतो" म्हणतो, मग तो घरमालक असो, त्याचा भाचा असो, सरपंच असो की ठाण्यातला ओळखीचा जमादार, त्याला तो अधिकार नाही.

तंटामुक्त समिती बोलणी करून देते आणि चांगल्या माणसांच्या हातात असली तर उपयोगीही पडते. पण खोली खाली करण्याचा हुकूम ती देऊ शकत नाही.

3. तुमची जागा कोणत्या कायद्यात बसते?

शहरासाठी लिहिलेली माहिती वाचून खेड्यातला माणूस फसतो तो इथेच, म्हणून जरा सावकाश वाचा.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 हा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याआधी विदर्भात मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा 1949 चा भाडे नियंत्रण आदेश चालायचा आणि घरमालकाला आधी रेंट कंट्रोलरची परवानगी काढावी लागायची. गावातले जुने लोक आजही "रेंट कंट्रोलरकडे अर्ज टाक" म्हणतात ते त्यामुळे. आता दावा थेट दिवाणी कोर्टात चालतो. तालुक्याच्या ठिकाणी तो बहुधा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्यासमोर असतो.

1999 चा कायदा राहण्याच्या खोलीला, दुकानाला, गोदामाला, शिक्षणासाठी दिलेल्या जागेला लागू होतो. पण सगळ्या गावांना नाही. त्याच्या परिशिष्टांत दिलेले भाग, जुना आदेश जिथे लागू होता ते भाग, आणि सरकारने नंतर अधिसूचना काढून जोडलेले भाग, एवढ्यांनाच. म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा: "माझं गाव 1999 च्या कायद्यात येतं का?" तालुक्याच्या कोर्टातले वकील हे लगेच सांगतात.

येत असेल, तर पुढचे 90 दिवसांचे दोन्ही टप्पे तुमच्यासाठी आहेत.

येत नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 लागू होतो. महिन्याच्या किरायाने दिलेली खोली किंवा दुकान त्याखाली 15 दिवसांच्या नोटिशीने संपवता येतं आणि घरमालकाला कारणही द्यावं लागत नाही. हे ऐकून घाबरू नका. 15 दिवस संपले तरी ताबा कोर्टातूनच घ्यावा लागतो. मुदतीचा करारनामा असेल आणि किराया थकल्यामुळे तो रद्द केला असेल, तर कलम 114 प्रमाणे सुनावणीच्या वेळी थकबाकी, व्याज आणि दाव्याचा खर्च भरून कोर्टाकडे सवलत मागता येते. ती देणं कोर्टाच्या मर्जीवर असतं. अशा गावांत समेटाचं वजन जास्त, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

आणखी तीन प्रकार वेगळे आहेत. ग्रामपंचायतीचा किंवा नगर परिषदेचा गाळा 1999 च्या कायद्यात येत नाही. शेतजमीन मक्त्याने किंवा बटईने केली असेल तर तिचा कायदाच निराळा, विदर्भासाठीचा 1958 चा कूळकायदा. त्यासाठी तहसील गाठा.

तिसरा प्रकार अकरा महिन्यांच्या "लिव्ह अँड लायसन्स" कराराचा. नोटिशीत "लायसन्सी" लिहिलं असेल तर तुमचा करार काढून बघा. राहण्याच्या जागेसाठी असा लेखी करार असला आणि मुदत संपली, तर घरमालक दिवाणी कोर्टाऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो. तिथली नोटीस मिळाल्यापासून 30 दिवसांत शपथपत्रासह "मला बाजू मांडू द्या" असा अर्ज दिला नाही, तर घरमालकाचं म्हणणं मान्य झालं असं धरून हुकूम होतो. मुदत संपल्यावरही राहिलात तर ठरलेल्या किरायाच्या दुप्पट भरपाई लागते. इथे 90 दिवसांच्या भरवशावर राहू नका.

4. पहिले 90 दिवस: माझी चूक

1999 च्या कायद्याचं कलम 15 सांगतं की किराया देणाऱ्या किंवा द्यायला तयार असणाऱ्या भाडेकरूला थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही. थकबाकीची लेखी मागणी तुम्हाला मिळाल्यापासून 90 दिवस उलटल्याशिवाय घरमालकाला त्या कारणावर दावाच लावता येत नाही. या दिवसांत मागितलेली रक्कम, आणि दरम्यान चढलेले महिने, पूर्ण भरले तर थकबाकीचं कारण उरत नाही.

मी 90 दिवस म्हणजे तीन महिने धरले. 12 जूनला नोटीस, म्हणून 12 सप्टेंबर. जुलै आणि ऑगस्ट 31 दिवसांचे असतात हे डोक्यात आलंच नाही. बोटांवर मोजा: जूनचे उरलेले 18, जुलैचे 31, ऑगस्टचे 31, झाले 80. नव्वदावा दिवस 10 सप्टेंबर. त्या वर्षी तो तान्ह्या पोळ्याचा दिवस होता. माझी पोरं लाकडी नंदी सजवत होती आणि मी निवांत होतो, अजून दोन दिवस आहेत म्हणून. मेव्हण्याकडून आणि बचतगटाकडून जमवलेले 20,000 रुपये घेऊन मी 12 तारखेला घरमालकाच्या दारात गेलो. तो म्हणाला, "आता वकिलाशी बोल."

आणि वेळेत गेलो असतो तरी चूक राहिलीच असती, कारण जून, जुलै, ऑगस्टचा किराया मी धरलाच नव्हता. म्हणून नोटीस आली त्याच दिवशी कॅलेंडरवर दिवस मोजून लाल खूण करा आणि स्वतःची मुदत त्याच्या दहा दिवस आधीची ठेवा.

अर्धी रक्कम देऊन "बाकी कापूस निघाल्यावर" म्हणणं हा दुसरा सापळा. घरमालक माणुसकीने थांबेल, पण कायदा थांबत नाही. अर्धी द्याच, पण तिने मुदत वाढली असं समजू नका. घरमालक वाट बघायला तयार असेल तर ते त्याच्या सहीने कागदावर घ्या.

रकमेबद्दल वाद असेल, म्हणजे तुम्ही दिलेले महिने त्याने धरले नसतील किंवा दर वाढवून लावला असेल, तर जेवढी खरी निघते तेवढी मुदतीत भरा आणि बाकीच्याबद्दल लेखी उत्तर द्या. कायद्याखालच्या जागेचा किराया घरमालकाला वर्षाला 4 टक्के वाढवता येतो. आणि तीन वर्षांपेक्षा जुन्या किरायाच्या वसुलीचा दावा मुदतबाह्य होतो, तेव्हा पाच-सात वर्षांचा आकडा बघून हातपाय गाळू नका, आधी वकिलाला दाखवा.

5. पैसे द्या ते असे, की नाही म्हणता येऊ नये

आमच्या भागात किराया हातोहात दिला जातो, आणि तो दिल्याचा पुरावा म्हणजे घरमालकाच्या मुनिमाची वही. ती वही तुमच्या हातात कधीच नसते. कायद्याप्रमाणे मिळालेल्या प्रत्येक रकमेची लेखी पावती देणं घरमालकाला बंधनकारक आहे. मागा. मागायला अवघड वाटतं, मलाही वाटायचं, कारण त्याच्या ओट्यावर मी दिवाळीचा फराळ खाल्लेला आहे.

पावती मिळत नसेल तर रोखीत देणं बंद करा. फोनवरून त्याच्या खात्यात टाका आणि संदेशाच्या जागी "ऑगस्ट 2018 किराया" असं लिहा. त्याचं खातं माहीत नसेल किंवा तो घेत नसेल, तर पोस्टातून मनीऑर्डर करा. त्याने नाकारली तर ती शेरा घेऊन परत येते, आणि ती परत आलेली मनीऑर्डर फाडू नका. तुम्ही द्यायला तयार होता, हे तिच्यावरून दिसतं. ऑक्टोबर 2018 मध्ये मी केलेली मनीऑर्डर अशीच परत आली आणि पुढे कोर्टात कामी आली.

घरमालक वारला आणि तीन भाऊ तीन बाजूंनी किराया मागू लागले, तर एकाच्या हातात देऊन मोकळे होऊ नका. तिघांनाही स्पीड पोस्टाने विचारा की कोणाला द्यायचा. उत्तर येईपर्यंत रक्कम वेगळी काढून ठेवा, खर्चू नका.

डिपॉझिटमधून कापून घ्या, असं मनाशी ठरवून किराया थांबवणारे खूप आहेत. करारात तसं लिहिलं नसेल किंवा घरमालकाने लेखी मान्य केलं नसेल, तर त्या भरवशावर राहू नका.

आणि ही दोन कामं अजिबात करू नका. कोऱ्या चेकवर सही करून देऊ नका; तो वटला नाही तर किरायाची दिवाणी भानगड चेकच्या फौजदारी केसमध्ये बदलते. आणि अमुक तारखेला जागा सोडतो, अशा स्टॅम्पवर न वाचता अंगठा किंवा सही देऊ नका.

6. एका पिशवीत हे कागद जमवा

माझी प्लास्टिकची पिशवी होती, वाइंडिंग तारेच्या रिळासोबत आलेली. तीच मी प्रत्येक तारखेला नेली. तिच्यात हे असावं:

- नोटीस, तिचं पाकीट, तुम्ही दिलेल्या उत्तराची प्रत आणि पोस्टाची पावती
- करारनामा असेल तर तो. नसेल तर डिपॉझिट दिल्याची कुठलीही खूण
- किरायाच्या पावत्या, बँकेचं पासबुक, मोबाईलवरच्या व्यवहारांचे छापील कागद
- परत आलेल्या मनीऑर्डरी
- त्या पत्त्यावरचं वीजबिल, रेशनकार्ड, आधार, पोरांचा शाळेचा दाखला, दुकान असेल तर दुकानाची नोंदणी
- घरमालकाशी झालेल्या मोबाईलवरच्या संदेशांचे छापील कागद
- जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, मोफत वकिलासाठी

करारनामा नाही म्हणून खचू नका. विदर्भातल्या तालुक्यांच्या गावांत निम्म्या खोल्या तोंडी बोलीवरच दिलेल्या असतील. 1999 च्या कायद्याचं कलम 55 म्हणतं की करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची. तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणून किराया किती ठरला, कधी द्यायचा ठरला, हे आठवून आजच लिहून ठेवा.

7. कुलूप लावलं, वीज तोडली तर

माझ्याकडे ऑगस्टच्या एका सकाळी वीज गेली. लाईन गेली असेल म्हणून मी शेजारच्या सलूनमध्ये बघितलं, तिथे पंखा सुरू होता. घरमालकाच्या माणसाने मीटरजवळची वायर काढली होती. वाइंडिंगच्या दुकानाला वीज नाही म्हणजे कमाई बंद, आणि कमाई बंद म्हणजे किराया आणखी थकणार. हे करणाऱ्याला ते पुरतं माहीत असतं.

1999 च्या कायद्याच्या कलम 29 प्रमाणे पाणी, वीज, संडास-सफाई अशा गरजेच्या सेवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. तोडल्या तर कोर्टात अर्ज करून त्या सुरू करून घेता येतात आणि घरमालकाला शिक्षाही होऊ शकते. किराया थकला असला तरी स्वतःच्या हाताने वीज तोडणं हा वसुलीचा रस्ता नव्हे. वीजबिल भरणं तुमच्याकडे असेल तर मात्र ते थकवू नका, नाहीतर त्याच्या हातात आयतं कारण जातं. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की घरमालकाचं ना-हरकत नाही एवढ्यावरून भाडेकरूला वीज नाकारता येत नाही, म्हणून स्वतःच्या नावाच्या जोडणीसाठीही महावितरणकडे अर्ज करता येतो.

कुलूप लागलं तर त्याच तासाला फोटो काढा, दोन शेजाऱ्यांना बोलावून दाखवा, 112 वर फोन करा आणि ठाण्यात लेखी तक्रार देऊन शिक्क्याची प्रत घ्या. "हे दिवाणी आहे, कोर्टात जा" असं ऐकायला मिळेल. ताब्याचा निवाडा कोर्टच करतं हे खरं, पण धमकी, मारहाण, घरात घुसून सामान फेकणं हे गुन्हे आहेत, ते तक्रारीत वेगळे स्पष्ट लिहा.

स्वतः कुलूप तोडू नका. राग येतो, मुलं बाहेर उभी असतात, मला कळतं. पण त्यातून तुमच्यावरच गुन्हा उभा राहतो. विशिष्ट अनुतोष अधिनियम, 1963 च्या कलम 6 खाली, कायद्याचा मार्ग सोडून बाहेर काढलेल्या माणसाला ताबा परत मागता येतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हे बघत नाहीत, ताबा कोणाचा होता आणि तो कसा गेला एवढंच बघतात. मुदत मात्र बाहेर काढल्यापासून सहा महिनेच.

8. समन्स आलं: दुसरे 90 दिवस

माझ्यावर दावा लागला आणि 20 नोव्हेंबर 2018 ला बेलिफाने समन्स दिलं. यावेळी दिवस नीट मोजले: 18 फेब्रुवारी 2019.

समन्ससोबत दाव्याची प्रत असते, ती मागून घ्या. आता दोन कामं एकाच वेळी चालवायची. पहिलं, कैफियत म्हणजे लेखी जबाब, 30 दिवसांत. कोर्ट मुदत वाढवून 90 दिवसांपर्यंत देऊ शकतं, पण ती मागावी लागते. तारखेला गेलाच नाहीत तर दावा एकतर्फी चालतो. असा एकतर्फी हुकूमनामा रद्द करण्याचा अर्ज 30 दिवसांत करता येतो, पण गैरहजेरीचं खरं कारण दाखवावं लागतं.

दुसरं काम पैशांचं, आणि मी वाचलो ते त्याच्यामुळे. समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकलेला सगळा किराया, त्यावर वर्षाला 15 टक्के सरळ व्याज धरून, कोर्टात भरला आणि पुढे निकाल लागेपर्यंत दर महिन्याला नियमित भरत राहिलात, कोर्ट सांगेल तो दाव्याचा खर्चही दिलात, तर थकबाकीच्या कारणावर कोर्ट तुम्हाला काढण्याचा हुकूमनामा देत नाही.

हिशेब असा केला. महिना 2,500. ऑक्टोबर 2017 ते जानेवारी 2019, 16 महिने, 40,000 रुपये. 15 टक्क्यांनी 2,500 वर महिन्याला 31 रुपये 25 पैसे व्याज. किराया महिना संपल्यावर द्यायचा ठरला होता, म्हणून ऑक्टोबर 2017 च्या किरायावर 15 महिन्यांचं व्याज, नोव्हेंबरच्या किरायावर 14, असं उतरत जानेवारी 2019 वर शून्य. सगळी बेरीज 120 महिने, म्हणजे 3,750 रुपये. एकूण 43,750. मी 44,500 भरले. एक रुपया कमी पडला तरी समोरचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवतो, म्हणून थोडे जास्तच भरा.

त्या जानेवारीत कापूस विकला जात होता. मी सायकल काढली आणि दोन वर्षांच्या उधारीची वही घेऊन खेड्याखेड्यात फिरलो. कोणी दोन हजार दिले, कोणी तुरीचं पोतं दिलं, एका कास्तकार बाईने बकरी विकून माझे साडेतीन हजार हातावर ठेवले. तिला माझी केस माहीत होती. उरलेले पैसे बायकोच्या गळ्यातली पोत मोडून आले.

पैसे भरण्याची रीत: वकिलाकडून रक्कम जमा करण्याच्या परवानगीचा अर्ज, त्यावर न्यायाधीशांचा आदेश, मग चलान, मग नाझराच्या, म्हणजे कोर्टात पैसे घेणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, टेबलावर भरणा आणि पावती. या सगळ्याला एका दिवसाच्या वर लागू शकतं, मध्ये सुट्टी येऊ शकते. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि पुढच्या प्रत्येक महिन्याचा किरायाही तसाच भरा. एकदा मोठी रक्कम भरून लोक सुस्तावतात आणि सहा महिन्यांनी त्याच दाव्यात हरतात. मी दर महिन्याच्या 5 तारखेला दुकान अर्धा दिवस बंद ठेवून कोर्टात जायचो.

एक गोष्ट विसरू नका: पैसे भरून फक्त थकबाकीचं कारण मिटतं. दाव्यात घरमालकाची स्वतःची गरज, पोटभाडेकरू किंवा नुकसानीचंही कारण असेल, तर त्याला वेगळं उत्तर आणि वेगळा पुरावा लागतो.

तारखा मोबाईलवर ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये दिसतात. केसचा 16 अक्षरी सीएनआर क्रमांक पहिल्याच दिवशी मागून पिशवीच्या आत लिहून ठेवा.

9. वकिलाला पैसे नाहीत

तालुक्याच्या कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, जिल्ह्याला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे. साधा अर्ज, सोबत दाखले. फोन करायचा तर 15100. नोटीस आल्यावरच जा, समन्सची वाट बघू नका. मला हे समन्स आल्यावर कळलं; जूनमध्ये गेलो असतो तर कोणीतरी मला 10 सप्टेंबर ही तारीख सांगितली असती.

घर बायकोच्या नावाने किरायाने असेल तर अर्ज तिच्याच नावाने करा.

10. समेट करायचा तर कागदावर

घरमालक दरवेळी धनदांडगा नसतो. आमच्या गावात एक विधवा आजी दोन खोल्यांच्या किरायावर औषधं आणते. तिचा किराया थकवणाऱ्याला कायद्याची कलमं सांगायला मी जाणार नाही, त्याने आधी तिच्याशी बोलावं.

माझी मावसबहीण एका खेड्यात किराणा दुकान चालवते. तिचं गाव 1999 च्या कायद्यात येत नव्हतं. 15 दिवसांची नोटीस आली, बचावाला फारसं काही नव्हतं. ती विधी सेवा समितीत गेली, घरमालकाला तिथे बोलावलं गेलं आणि लोकअदालतीत ठरलं: थकबाकी तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता कापूस विकल्यावर, आणि जागा मे महिन्यात सोडायची, पोरांची परीक्षा झाल्यावर. लोकअदालतीचा निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच असतो आणि त्यावर अपील नाही, म्हणून पाळता येईल तेवढंच कबूल करा. हप्त्याच्या तारखा पिकाच्या हिशेबाने मागा: सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे, कापूस डिसेंबर-जानेवारी, तूर त्यानंतर. जूनची तारीख कबूल करू नका, तेव्हा सगळा पैसा बियाण्यात गेलेला असतो.

11. निकाल विरुद्ध गेला, किंवा स्वतःच सोडायचं ठरलं

हुकूमनामा झाला तर जिल्हा न्यायालयात अपिलाला 30 दिवस. नुसतं अपील दाखल करून बेलीफ थांबत नाही. स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो आणि चालू किराया भरत राहावं लागतं.

माझा दावा 2021 मध्ये फेटाळला गेला. त्यानंतर दीड वर्षाने मी आपणहून बसस्थानकाजवळ दुकान हलवलं. सोडताना मी हे केलं: एक महिना आधी लेखी कळवलं, शेवटच्या दिवशी रिकाम्या खोल्यांचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काढले, शेवटचं वीजबिल भरलं, आणि किल्ली दिली ती दोन साक्षीदारांसमोर, "जागेचा ताबा मिळाला, किराया बाकी नाही, डिपॉझिट परत दिलं" या तीन ओळींखाली घरमालकाची सही घेऊनच. डिपॉझिट त्याने तिथेच मोजून दिलं. तो कागद अजून त्याच पिशवीत आहे.